पेपर वाचायला शिकताना: शेवटच्या पानाच्या तळापासून

पेपर हातात आला की शेवटचं पान उघडा आणि अगदी तळाची, मुंगीएवढ्या अक्षरांतली ओळ वाचा. मालक कोण, मुद्रक आणि प्रकाशक कोण, छापखाना कुठला, संपादक कोण. पुढे बहुतेक वेळा असंही असतं की बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी या संपादकांची आहे. वीस-वीस वर्षं पेपर घेणाऱ्या घरांतही ही ओळ कुणी वाचलेली नसते. आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी काही नवी मुलं बसतात. त्यांना मी पहिल्या दिवशी हीच ओळ मोठ्याने वाचायला लावतो.

मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत आधी वार्ताहर होतो, पुढे उपसंपादक झालो आणि तिथूनच निवृत्त झालो. हे लिहितोय ते पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांसाठी, स्पर्धा परीक्षेसाठी पेपर लावलेल्यांसाठी आणि आजवर फक्त क्रीडा पान वाचून बाकीचा पेपर बाजूला सारणाऱ्यांसाठी. बातमी वाचताना एक शब्द सतत जवळ ठेवायचा: कशावरून? हा प्रश्न विचारणारे वाचक जिथे असतात, तिथला पेपर सरळ चालतो. हे मी डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानावर लावतात तिथे, बसून पाहिलं आहे. ज्या तालुक्यातून चुकीच्या बातमीनंतर दोन तरी पत्रं यायची, त्या तालुक्याची कॉपी, म्हणजे वार्ताहराने पाठवलेला मजकूर, आम्ही दोनदा वाचायचो. जिथून कधीच काही यायचं नाही, तिथली एका नजरेत पानावर जायची.

पहिलं काम: नाव-गाव बघा

इंग्रज सरकारला छापखान्यांवर नजर ठेवायची होती, म्हणून १८६७ च्या कायद्याने ही नावं छापणं सक्तीचं झालं. त्या कायद्याची जागा आता नव्या कायद्याने घेतली आहे, तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. अंकावर नावं आजही असतात. सरकारच्या सोयीची ही तरतूद आज वाचकाच्या उपयोगाची आहे, कारण बातमी खोटी निघाली तर कुणाला गाठायचं ते तिथे लिहिलेलं असतं.

मालकाचं नाव कळलं की त्याचा आणखी काय व्यवसाय आहे ते गावात विचारा. साखर कारखाना आहे का, शिक्षणसंस्था आहे का, बांधकामं आहेत का, घरात कुणी आमदार आहे का. असलं म्हणून पेपर खोटा ठरत नाही. पण उसाच्या दराची बातमी कारखानदाराच्या पेपरात वाचली, तर तीच दुसऱ्या एखाद्या पेपरातही वाचून घ्या. न्यूज पोर्टल असेल तर 'आमच्याविषयी' हे पान आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव शोधा. दोन्ही नसेल, पत्ताही नसेल, तर तिथली बातमी पुढे पाठवू नका. यात घासाघीस करायचं कारण नाही.

दुसरं काम: क्रियापदं वाचा

बातमीचा कस क्रियापदात उतरतो. 'जिल्हाधिकाऱ्यांनी सांगितले' आणि 'सूत्रांनी सांगितले' यांत फार अंतर आहे. 'समजते', 'बोलले जाते', 'दबक्या आवाजात चर्चा सुरू आहे', 'खात्रीलायक वृत्त आहे' हे आमच्या धंद्यातले जुने शब्द. त्यांचा अर्थ एवढाच, की सांगणारा पुढे यायला तयार नाही. कधी त्याला खरंच कारण असतं. आपल्याच खात्यातला घोटाळा सांगणाऱ्या कारकुनाचं नाव छापलं तर त्याची नोकरी जाईल, म्हणून ते झाकायलाच हवं. अशा वेळी चांगला बातमीदार सूत्राच्या जोडीला एखादा कागद ठेवतो, किंवा दुसऱ्या माणसाकडून दुजोरा घेतो आणि तसं बातमीत लिहितो. सूत्राखेरीज काहीच नसेल, तर बातमी अजून शिजायची आहे असं समजा.

मथळा बहुतेक वेळा बातमीदार देत नाही, डेस्कवरचा माणूस देतो, तोही रात्री पान सोडायच्या घाईत. त्यामुळे बातमी सांगते एक आणि मथळा ओरडतो भलतंच, असं होतं. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल, किंवा एखादाच शब्द अवतरण चिन्हात असेल, तर तेवढ्या भागाची खात्री आम्हालाच नव्हती, असा त्याचा अर्थ. मथळा सोडा, तिसरा-चौथा परिच्छेद वाचा. ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं बहुधा तिथे असतं. नसेल, तर बातमी अर्धी आहे.

गुन्ह्याच्या बातमीत तीन शब्द वेगवेगळे ओळखा: संशयित, आरोपी, दोषी. गुन्हा दाखल झाला म्हणजे कुणीतरी तक्रार दिली आणि पोलिसांनी ती नोंदवली. दोषी फक्त न्यायालय ठरवतं. चौकात मात्र पहिल्याच दिवशी निकाल लागलेला असतो, आणि त्या निकालात आमच्या मथळ्यांचा हात असतो.

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी. वार्ताहर होऊन मला सातवा महिना लागला होता. घाटात एसटी आणि ट्रकची धडक झाली. रात्री साडेनऊला मी रुग्णालयात पोचलो. आत सोडत नव्हते. दाराशी उभ्या असलेल्या एका माणसाने सांगितलं, दोघे गेले, एक अमक्या गावचा पोरगा. मी नाव विचारलं, त्याने सांगितलं, मी एसटीडी बूथवरून डेस्कला कळवलं. डॉक्टरांना विचारलं नाही, पोलीस चौकीत गेलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलाचे वडील कार्यालयात आले. मुलगा जिवंत होता, पाय मोडला होता. गावाकडे पेपर सकाळी सहाला पोचला होता आणि मुलाच्या आजीने तो वाचून घेतला होता. वडील ओरडले नाहीत. त्यांनी पेपर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मला त्या माणसाचं नावही माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पाचव्या पानावर चार ओळींची दुरुस्ती आली. चूक मात्र पहिल्या पानावर होती.

तिसरं काम: बातमी आणि जाहिरात वेगळी करा

नवख्या वाचकाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे जरा थांबतो.

सरळ जाहिरात सहज ओळखू येते. अवघड असते ती बातमीचे कपडे घालून आलेली जाहिरात. तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रायोजित', 'जाहिरात पुरवणी' किंवा 'इम्पॅक्ट फीचर' असं काहीतरी असतं. तेवढं छापणारा निदान सांगतो तरी. काहीच न छापता पैसे घेऊन मजकूर देणं, ही खरी बेइमानी. पेड न्यूज म्हणतात ती हीच.

महाराष्ट्राला हा शब्द कळला तो २००९ च्या विधानसभा निवडणुकीत. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिलं, की तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर राज्यातल्या मोठ्या मराठी दैनिकांत पानंच्या पानं मजकूर आला होता. पहिल्या मोजणीत त्यांना ४७ पूर्ण पानं आढळली. त्यातला काही मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेपरांत शब्दही न बदलता छापलेला होता. चव्हाणांनी निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. चव्हाणांनी आरोप नाकारले. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांचा हिशेब नियमानुसार नसल्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. उत्तर प्रदेशात उमलेश यादव या आमदारांना मात्र पेड न्यूजचा खर्च न दाखवल्याबद्दल आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. देशात असं पहिल्यांदाच घडलं.

भारतीय पत्र परिषदेने, म्हणजे वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने, परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोघांची उपसमिती नेमली. त्यांनी २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल दिला, पेपरांची नावं घेऊन. परिषदेने नावं वगळून त्याची छोटी आवृत्ती प्रसिद्ध केली. पूर्ण अहवाल लोकांसमोर आला तो २०११ मध्ये, माहिती अधिकारातल्या लढ्यानंतर. पेपरांविषयीची माहिती पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडून काढून घ्यायला माहिती अधिकार वापरावा लागला, हे मला अजून बोचतं.

साईनाथांनी जे केलं ते तुम्ही छोट्या प्रमाणात स्वयंपाकघराच्या ओट्यावरही करू शकता. निवडणुकीच्या शेवटच्या दहा दिवसांत दोन-तीन पेपर घ्या, शेजाऱ्यांचे मागा. एका उमेदवारावरचा मजकूर शेजारी शेजारी ठेवा. वाक्यं जुळतात का? फोटो तोच आहे का? बातमीत एकही गैरसोयीचा प्रश्न आहे का? सभेला 'अलोट गर्दी', कार्यकर्त्यांत 'चैतन्य', विरोधकांच्या 'पायाखालची वाळू सरकली', आणि बातमीदाराचं नाव कुठेच नाही, अशी कॉपी दिसली की तारखेसह कात्रण काढा. निवडणुकीत प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते, तिच्याकडे ते देता येतं. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो आणि तो कुणालाही पाहता येतो. कात्रण आणि हिशेब समोरासमोर ठेवून बघा.

बिगर निवडणुकीच्या दिवसांत वाढदिवस पुरवण्या बघा. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो किंवा नावापुरतं मानधन असतं, त्याचं घर बऱ्याचदा जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. ज्याच्याकडे वाढदिवसाची पान-दीड पान जाहिरात मागायची, त्याच्याच रस्त्याच्या कामातला खड्डा वार्ताहराने कसा छापायचा? मी त्या पोरांना दोष देत नाही. पण वाचक म्हणून तुम्हाला हे माहीत हवं. ज्या पुढाऱ्याची पुरवणी गेल्या महिन्यात आली, त्याच्यावरच्या बातम्या पुढचे सहा महिने थोड्या सावधपणे वाचा.

चौथं काम: मूळ कागद शोधा

पूर्वी यासाठी जिल्ह्याला खेटे घालावे लागायचे. आता बरंच काही घरबसल्या सापडतं.

शासन निर्णयाचं उदाहरण घ्या. 'शाळांना सुट्टी', 'अनुदान जाहीर', 'भरती बंद' असले जीआर व्हॉट्सॲपवर फिरतात. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं, की हा निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो लांबलचक आकडा संकेतस्थळावर टाका. सापडला तर वाचा, आणि बातमीत जे सांगितलंय तेच त्यात आहे का ते बघा. नाही सापडला तर थांबा. वाचनालयातल्या मुलांना हे शिकवायला दहा मिनिटं लागतात.

गुन्ह्याच्या बातमीसाठी पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रथम खबर अहवाल असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते २४ तासांत टाकायला सांगितलं, संवेदनशील गुन्हे वगळून. बातमीतलं कलम आणि अहवालातलं कलम ताडून बघा.

बाजारभाव तर शेतकऱ्याच्या घरातला विषय. मथळा असतो 'कांदा चार हजारांवर'. बाजार समितीच्या तक्त्यात तीन रकाने असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. मथळ्याला कमाल भाव लागतो, जो एखाद-दुसऱ्या ट्रॅक्टरच्या निवडक मालाला मिळालेला असतो. बाकीच्यांच्या पदरात पडतो तो सर्वसाधारण, आणि तो बराच खाली असू शकतो. शहरातला वाचक मथळा वाचून म्हणतो शेतकरी मालामाल झाला, आणि गावातला माणूस त्याच मथळ्यावर भरवसा ठेवून माल काढतो. आकडा खरा असूनही बातमी दिशाभूल करते. हे सगळ्याच आकड्यांना लागू: कशातले, कधीचे आणि कुणी मोजले, हे विचारल्याशिवाय आकडा पुढे सांगू नका.

आणि कागद मिळाला म्हणजे काम झालं असंही नाही. १८८२ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप छापले, महाराजांचा छळ होतो म्हणून. आधार होता काही पत्रांचा. खटला झाला, ती पत्रं खरी असल्याचं सिद्ध होऊ शकलं नाही, टिळक आणि आगरकर या दोघांनाही शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. 'केसरी' तेव्हा जेमतेम दीड वर्षाचा होता. हेतू स्वच्छ होता, माणसं एवढी मोठी होती, तरी कागदाची पारख चुकली. मोबाईलवर आलेल्या पत्राच्या फोटोवर भरवसा ठेवण्याआधी एवढं आठवा.

हवा तो कागद कुठेच नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर प्रथम अपील. 'का केलं' असं विचारू नका, त्याचं उत्तर मिळत नाही. 'अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची आणि अंतिम देयकाची प्रत द्यावी' असं लिहा.

पाचवं काम: मोबाईलवर हात आवरा

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्याचं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा त्या भागात व्हॉट्सॲपवरून आधीच पसरलेली होती. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारलं. मुलं पळवली गेलीच नव्हती. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींतली एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती, शेवटचा खुलासा कापून पुढे ढकललेली.

त्या पाच जणांपर्यंत पोचलेल्या साखळीत शेकडो साध्या माणसांचे अंगठे होते. काळजीपोटीच पाठवत होते सगळे: 'आपल्या पोरांना सांभाळा'.

म्हणून मोबाईलवर पाळायचं ते असं. संदेशावर दुहेरी बाण असेल तर तो अनेक हातांतून आलेला आहे, आणि मूळ पाठवणारा कोण हे तुम्हाला कळणार नाही. गावाचं नाव, तारीख, पोलीस ठाणं यांतलं काहीच नसेल तर तो तिथेच थांबवा. फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाका, जुना असेल तर बहुधा लगेच कळतं. स्थानिक गोष्ट असेल तर सरळ पोलीस ठाण्याला फोन करा. आणि ग्रुपवर खोटं सापडलं तर पाठवणाऱ्याला चारचौघांत उघडं पाडू नका. वडीलधारे असतील तर बाजूला फोन करून सांगा, "काका, तो फोटो पाच वर्षांपूर्वीचा आहे, तुम्हीच ग्रुपवर सांगितलंत तर बरं होईल." काका स्वतः सांगतात तेव्हा ग्रुप ऐकतो. आमच्या वाचनालयातल्या एका मुलीने घरच्या ग्रुपवर हा मार्ग काढला, तिच्याकडूनच मी तो घेतला.

सहावं काम: चूक सापडली तर लिहा

नुसतं "सगळे पेपर विकले गेलेत" म्हणून गप्प बसणं सोपं आहे, आणि ते पेपरवाल्यांच्या सोयीचंही आहे. जो पेपर चुकीची दुरुस्ती छापतो तो मला जास्त विश्वासाचा वाटतो. कधीच दुरुस्ती न छापणाऱ्या पेपरात चुका होत नाहीत असं नाही.

आधी संपादकांना लिहा. पत्रात अंकाची तारीख, पान क्रमांक, मथळा, चुकीचं वाक्य जसंच्या तसं, मग बरोबर माहिती आणि तिच्या कागदाची प्रत. एका पानाच्या वर जाऊ नका, रागाचे शब्द टाळा. काय हवं ते शेवटी स्पष्ट लिहा: दुरुस्ती, खुलासा की तुमची बाजू छापणं. पोचपावती घ्या, ईमेल असेल तर जपून ठेवा.

उत्तर नाही आलं, किंवा आलं ते टाळाटाळीचं, तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिक आणि साप्ताहिकाच्या बाबतीत मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. संपादकांना लिहिलेलं पत्र सोबत लागतंच, म्हणून ते आधी. कौन्सिलला दंड करता येत नाही. ती ताकीद देऊ शकते, ठपका ठेवू शकते. तेवढ्याने काय होणार असं तुम्हाला वाटेल. पण ठपका छापून येणार या भीतीने आमच्या कार्यालयात वरिष्ठांनी रात्री अकराला फायली बाहेर काढलेल्या मी पाहिल्या आहेत. वाहिन्यांसाठी हा रस्ता नाही, त्यांची तक्रार आधी वाहिनीकडे आणि मग त्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाते.

आणि कात्रणाविषयी एक. बातमीपुरतं कापू नका. एकाच पेपरच्या शहर आणि ग्रामीण आवृत्तीत मजकूर वेगळा असतो, तुमच्या हातातली ओळ शहरात छापलेलीच नसेल असंही होतं. पूर्ण पान ठेवा, माथ्यावरची तारीख आणि आवृत्तीचं नाव दिसेल असं, आणि त्याच अंकाचं शेवटचं पानही. तळाच्या ओळीत नावं आहेत, पत्र कुणाला घालायचं ते तिथूनच घ्या.